घणसोलीची बिननावाची खानावळ आणि माझ्या जिभेखालचा खडा

पाटीवर नाव नाही. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरांत 'घरगुती जेवण मिळेल' एवढंच लिहिलंय आणि खाली खडूने 'पार्सल बंद'. नाव विचारलं तर मावशी म्हणतात, "नावाचं काय लोणचं घालायचंय?" म्हणून हा रिव्ह्यू बिननावाच्या खानावळीचा. घणसोली स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, घरोंद्याच्या दिशेने चालू लागायचं आणि भाकरी थापल्याचा आवाज आला की थांबायचं. रिक्षांच्या गोंगाटातही तो आवाज कळतो.

मी रबाळे एमआयडीसीत फिटर आहे. पंप, व्हॉल्व्ह, पाइपलाइन, सव्वीस वर्षं हेच. राहायला ऐरोलीला. खाण्यावर लिहिणं आपलं काम नाही, पण गेल्या पावसाळ्यात जे झालं त्यानंतर मी जेवणाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो, ते आधी सांगतो. ज्यांना फक्त भाव आणि वेळ पाहिजे त्यांनी थेट शेवटाकडे जावं.

जुलैत एका दुपारी जेवताना लिंबाची फोड तोंडात घातली आणि उजव्या जबड्याखाली कळ आली. हात लावून बघितलं तर बोराएवढी गाठ. ताट संपेपर्यंत ती लिंबाएवढी झाली. तासाभराने बसली. दुसऱ्या दिवशी परत तेच. चहा-बिस्किटाला थोडी, वरण-भाताला जरा जास्त, लोणच्याला सगळ्यात जास्त. उपाशी असलो की काही नाही. बायको म्हणाली, "अहो, गालगुंड असेल." लहानपणी गालगुंड झालं होतं तेव्हा आंबट खाल्लं की कानशिलात अशीच कळ यायची, त्यामुळे मलाही पटलं. पण या वयात? एका दातांच्या दवाखान्यात दाढ बघितली, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, पैसे घेतले. गाठ होती तिथेच.

पुढे कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या ग्लँडच्या नळीत खडा आहे."

आता ग्लँड हा आमच्या रोजच्या तोंडातला शब्द. पंपाच्या शाफ्टभोवती दोरीसारखं पॅकिंग भरून जिथे आवळतात, तो ग्लँड. नवीन पोरगं कामाला लागलं की ग्लँडमधून पाणी ठिबकताना बघून पाना घेऊन धावतं. त्याला पहिला धडा देतो तो हा, की बाबा, ठिबकू दे. मिनिटाला चाळीस-पन्नास थेंब पडलेच पाहिजेत, त्या पाण्यावरच शाफ्ट थंड राहतो. पूर्ण आवळलास तर पॅकिंग जळणार आणि शाफ्टला चरे पडणार.

डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. लाळेच्या मोठ्या ग्रंथी तीन जोड्या. एक जोडी कानापुढे, एक जबड्याखाली, एक जिभेखाली. शिवाय ओठ, गाल, टाळू यांत बारीक बारीक शेकड्यांनी. आपण काही खात नसतानाही मिनिटाला साधारण ०.३ मिलिलिटर लाळ येतच असते, आणि त्यातली बरीचशी जबड्याखालच्या जोडीची. मी मनात हिशेब केला: एका मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर मिनिटाला सहा थेंब. म्हणजे माणसाचाही ग्लँड ठिबकत ठेवलेला असतो! जेवायला बसलो की तोच प्रवाह पाच-दहा पट होतो, तेव्हा कानापुढची जोडी जोरात चालू होते. झोपेत जवळजवळ बंद. चोवीस तासांत अर्धा ते दीड लिटर माल निघतो.

खडा दहातल्या आठ लोकांना जबड्याखालच्याच ग्रंथीत होतो म्हणाले. का, ते मला विचारायची गरज पडली नाही. चित्रातच दिसत होतं. ग्रंथी खाली, नळी चढावर, तोंड जिभेखाली वर उघडतं. त्यात या ग्रंथीची लाळ कानापुढचीपेक्षा दाट आणि कॅल्शियम जास्त. चढाची लाइन, दाट माल, वेग कमी. स्केल, म्हणजे पाइपात बसणारा क्षारांचा थर, तिथे नाही बसणार तर कुठे बसणार? आणि गाठ जेवतानाच का येते, तेही कळलं. डिस्चार्ज, म्हणजे बाहेर जायची वाट, बंद आणि पंप चालू.

जिभेखाली भूल देऊन, छोटा छेद घेऊन खडा काढला. ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, पिवळसर. डबीत घालून दिला मला. मग डॉक्टरांनी हातात आरसा दिला, जीभ वर करायला लावली आणि जबड्याखाली बोटाने हलकेच दाबलं. जिभेखालच्या त्या दोरीच्या उजव्या बाजूला, छेदाच्या जागी, एक थेंब वर आला. स्वच्छ. थांबला, फुगला आणि घरंगळला. इतकी वर्षं लाइन चोकअप काढतोय, पण पहिला थेंब बघून गळा दाटून यायची ही पहिलीच वेळ. औषध काय, तर भरपूर पाणी, खालून वर मालिश, आणि जेवणाआधी लिंबू चोखायचं.

"लिंबू घरी आहे की. त्यासाठी घणसोलीला कशाला?" बायकोचा प्रश्न बरोबर होता. पण सहा आठवडे मी जेवणाला घाबरून काढले होते. पातळ भात, पातळ वरण, भराभर गिळायचं आणि उठायचं. आता तोंडाला पाणी सुटलं तर दुखणार नाही, हे मला नीट जेवून बघायचं होतं. आणि हेल्पर कधीपासून सांगत होता की त्या मावशींकडे एकदा चला.

तर आता खानावळ.

सहा टेबलं, स्टीलचे ग्लास, भिंतीवर विठ्ठलाचं कॅलेंडर. गल्ल्यावर मामा बसतात. ते पूर्वी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पाठ गेल्यावर बसून करायचं काम म्हणून हे सुरू केलं. दोघं साताऱ्याकडचे. बसलात की पहिल्यांदा ताट येत नाही. एक छोटी ताटली येते: लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, कांदा आणि बोटाच्या पेराएवढा खर्डा. मग वाट बघायची. आठ-दहा मिनिटं.

लोक इथेच चिडतात. शेजारच्या टेबलावरच्या एकाने घड्याळ दाखवलं, तर आतून आवाज आला, "जरा दम काढा की, तवा तापतोय." मी चिडलो नाही, कारण त्या आठ मिनिटांत काय चाललंय ते मला जबड्याखाली जाणवत होतं. थापल्याचा आवाज, पहिली भाकरी तव्यावर पडल्यावर पीठ भाजल्याचा वास, मग विस्तवावर फुगताना येणारा तो किंचित करपट वास. अजून घास नाही, आणि तोंडात पाणी जमा. नाकाने वास घेतला, मेंदूच्या बुडाशी असलेल्या केंद्राने व्हॉल्व्ह उघडला. रशियातल्या पावलॉव्हचा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो, पण पोरगी बारावी सायन्सला आहे, तिने सांगितलं की त्या कुत्र्याच्या लाळेची नळी गालातून बाहेर काढून थेंब मोजत असत. माणसाला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनाच्या कामाबद्दल. थेंब मोजणारा तो माणूस आमच्या मेंटेनन्समध्ये शोभला असता.

आमच्या कंपनीकडच्या एका कँटीनमध्ये याच्या बरोबर उलटं असतं. ताट आधीच भरलेलं, झाकलेलं, गार. वास मेलेला. अर्ध्या तासात खाऊन यायचं आणि मध्येच फोन वाजला की पंप ट्रिप झाला. तसा फोन आला की तोंड कोरडं पडतं, घास तोंडातल्या तोंडात फिरतो. घाबरलं की मेंदू तोच व्हॉल्व्ह आवळतो. पूर्वी चोर ओळखायला संशयितांना कोरडे तांदूळ चघळायला देत, ज्याच्या तोंडून कोरडे बाहेर पडले तो चोर. कँटीनमध्ये आम्ही सगळेच चोर ठरलो असतो.

मग लिंबू. ही फोड नुसती शोभेला नाही. आंबटाइतकं लाळेला दुसरं काही पळवत नाही. फोड दातांनी दाबली आणि जिभेखालून दोन्ही बाजूंनी पाणी आलं, उजवीकडूनही. हात आपोआप जबड्याखाली गेला. गाठ नाही. परत दाबली. गाठ नाही. मावशी बघत होत्या. "दात दुखतोय का?" म्हणाल्या. मी खड्याची गोष्ट सांगितली आणि खिशातली डबी दाखवली. जेवणाच्या जागी दाखवायची वस्तू नव्हे ती, पण दाखवली. त्यांनी डबी उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "मुतखडा माहीत होता, हे नवीनच. घ्या अजून एक लिंबू, त्याचे पैसे नाय घेत."

खर्ड्याबद्दल मी पक्षपाती आहे. खानदेशचा माणूस, कळण्याच्या भाकरीवर आणि ठेच्यावर वाढलेला, त्यामुळे साताऱ्याच्या खर्ड्याला सहज पास करणार नव्हतो. मिरची तव्यावर शेंगदाणे, लसूण, मिठाबरोबर तेलात परतून तिथेच तांब्याच्या बुडाने रगडतात. दाणे जास्त, म्हणून सुरुवातीला गोडसर लागतो आणि मागून चढतो. आमचा ठेचा समोरून मारतो, हा पाठीमागून. चांगला आहे. ठेच्यापेक्षा चांगला आहे असं मी लिहिणार नाही, गावाला जायचंय मला. तिखट ही चव नसून आग असते, हेही या आजारपणात कळलं. जिभेवर उष्णता ओळखणाऱ्या ज्या जागा आहेत त्यांनाच मिरची फसवते, आणि शरीर पाणी मारायला लागतं: लाळ, नाक, डोळे, सगळ्या लाइनी एकदम चालू.

पोऱ्या लगेच पाण्याचा जग घेऊन धावतो. त्याला सांगा, नको. मिरचीतला तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही, पाणी नुसतं आग इकडून तिकडे फिरवतं. दूध-ताकातलं प्रथिन त्याला धरतं. आणि इथेच माझी पहिली तक्रार: ताक. इतकं पातळ की ग्लासाच्या पलीकडचं विठ्ठलाचं कॅलेंडर दिसतं. मामांना बोललो, तर म्हणाले, "दह्याचा भाव बघा." भाव बघितला. तरी पातळच आहे.

भाकरी. यासाठीच लिहायला बसलो खरं तर. ज्वारीची, कडा पातळ, मधला पापुद्रा सुटलेला, ताटात पडताना वाफ निघते. भाकरी हा कोरडा पदार्थ आहे आणि तेच तिचं काम आहे. पाव, पुलाव, पातळ भाजी बुडवलेली पोळी, हे सगळं तोंडाला काही करू देत नाही, ओलंच असतं, घसरून जातं. भाकरीचा तुकडा दाढेखाली गेला की जबडा चालू होतो, आणि जबडा चालला की त्या बाजूची ग्रंथी जास्त सोडते. मी एक तुकडा नुसता, काही न लावता, तीसेक वेळा चावला. पहिल्यांदा पिठाची चव, मग काहीच नाही, मग मागून हलका गोडवा. लाळेतलं टायलिन, पोरीच्या पुस्तकात त्याला अमायलेज म्हणतात, पिठाची साखर करायला लागतं, तोच तो गोडवा. शाळेत आयोडीनचा प्रयोग झाला होता, तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. भाकरीने शिकवलं.

आणि घास घशाखाली उतरतो तो पाण्याने नाही, चिकटपणाने. लाळेत जवळजवळ ९९ टक्के पाणीच, पण उरलेल्या त्या एका टक्क्यात जो बुळबुळीत पदार्थ आहे तो चुऱ्याचा गोळा बांधतो आणि त्याला वंगण लावतो. ग्रीस म्हणा. जेवताना घासाघासाला पाणी पिणारे लोक ग्रीस धुऊन मशीन चालवतात, असं माझं मत झालंय. हे मत आहे, डॉक्टरांनी सांगितलेलं नाही.

अख्खा मसूर उत्तम. कांदा नीट परतलेला, मसूर फुटलेला नाही, तेल वर तरंगतं पण हाताला चिकटत नाही. मीठ कमी असतं असं काही जण म्हणतात, म्हणून थोडं मिठाबद्दल. लाळ ग्रंथीत तयार होते तेव्हा रक्तातल्या पाण्यासारखीच खारट असते, पण नळीतून बाहेर येईपर्यंत नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत ओढून घेतात. आमच्याकडे बॉयलरचं पाणी डीएम प्लांटमधून क्षार काढून येतं, तसाच प्रकार. म्हणून तोंडात येणारी लाळ अळणी, आणि म्हणूनच आमटीतलं चिमूटभर मीठही कळतं. मावशींच्या मसुरात मीठ बरोबर आहे. वरून मीठ मागणाऱ्यांनी आधी दोन घास सावकाश खावेत.

चव लाळेत विरघळल्याशिवाय कळतच नाही, यावर हेल्परचा विश्वास बसेना. त्याला जीभ बाहेर काढून स्वच्छ फडक्याने कोरडी पुसायला लावली आणि वर चिमूटभर साखर ठेवली. काही नाही म्हणाला. जीभ आत घेतली, दोन सेकंदांत चेहरा बदलला. आजूबाजूची चार माणसं बघत होती. तिघांनी लगेच तोच प्रयोग केला. मावशींनी साखरेचा डबा आत नेला.

पिठलं ठीक. भात ठीक, शेवटी शेवटी गार होतो. शेंगदाण्याची चटणी जुनी वाटली एकदा, बाकी वेळा ताजी होती. गुळाचा खडा मिळतो, मागावा लागतो.

रविवारी मटण असतं आणि आधी सांगितलं तर मुंडी. मटण मी दोनदा खाल्लं, रस्सा दोन्ही वेळा चांगला, तुकडे एकदा चिवट. मुंडीची वेगळीच गंमत. कानापुढच्या ग्रंथीची नळी १६६० साली अॅमस्टरडॅममध्ये स्टेनो नावाच्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला सापडली, ती मेंढीची मुंडी फाडताना. त्याने बारीक सळई आत सरकवली आणि ती जाऊन दाताला टण्णकन लागली. आपल्यात ती नळी वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालात उघडते, जिभेने चाचपलं तर बारीक फुगवटा लागतो. मावशींना हे सांगितलं, तर त्यांनी ओढणीने हात पुसत विचारलं, "मग फाडून खाल्ली का नाय?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

जेवणानंतर समोरच्या टपरीवरचा चहा मामाच मागवून देतात. घेऊ नका. चहा कडक, जास्त उकळलेला, आणि त्यातला तुरटपणा लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनांना धरून बसतो, मग जीभ टाळूला खरखरीत लागते. इतकं जमून आलेलं तोंड दोन घोटांत सुकवायचं कशाला? त्यापेक्षा गल्ल्यावरची बडीशेप घ्या. चावत राहिलं की लाळ चालू राहते, आणि जेवणानंतर दातांवर तयार होणारं आम्लही तीच धुऊन काढते. बडीशेप साखरेच्या गोळ्यांची ठेवतात, साधी ठेवा असं मी दोनदा सांगितलंय.

आणखी तक्रारी. हात धुवायच्या नळाचा वॉशर गेलाय, सतत गळतो. ग्लँड ठिबकलेला चालतो, नळ नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी बदलून देतो. मामा म्हणाले, जेवण फुकट. मी म्हटलं, फुकट नको, ताक घट्ट करा. अजून दोन्ही बाकी आहे. पैसे भरल्यावर गल्ल्यावरचा डबा मोठ्याने ओरडतो, तो मामांना ऐकू कमी येतं म्हणून फुल आवाजात. दाराजवळच्या टेबलावर पंख्याचा झोत थेट ताटावर येतो, भाकरी दोन मिनिटांत कडक, तिथे बसू नका. आतल्या भिंतीजवळ गरम होतं, पण भाकरी नरम राहते.

थाळी १३० रुपये, दोन भाकऱ्या. जादा भाकरी २० रुपये. मटण थाळी २६०. दुपारी साडेअकरा ते तीन, रात्री साडेसात ते दहा. सोमवारी बंद. पाचपैकी चार देतोय, एक ताकाचा कापला. मुंडी पाहिजे असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत मामांना सांगावं लागतं, फोनवर घेत नाहीत, समोर जाऊन सांगायचं. या रविवारी माझी सांगून झालीय. वॉशर खिशात आहे.